पाटणकरांच्या दोन ओळी

अरविंद पाटणकर माझ्याशी पहिलं वाक्य मराठीत बोलले तेव्हा मला भरून आलं होतं. दुसऱ्या वाक्याला ते ओसरलं.

कोलकात्यात मी नवीन होते. लष्करातल्या नवऱ्याची बदली फोर्ट विल्यमला झालेली, मुलगी शाळेत रमलेली, आणि मधली काही वर्षं घरात काढल्यावर मी सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली होती. हॉस्पिटलांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी. सगळीकडे बंगाली, हिंदी, इंग्रजी. अशात पलीकडच्या टेबलावरून एक उंच, सडसडीत, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले गृहस्थ उठून आले आणि म्हणाले, "या, सोहोनीबाई. आपल्याकडचं माणूस दिसलं की बरं वाटतं."

मी हसून नमस्कार केला.

"मध्ये घरी होतात म्हणे," ते पुढे म्हणाले. "म्हणजे जे काही येत होतं तेही आता येत नसेल. चांगलं आहे. पाटी कोरी असली की मला पुसायचे कष्ट नाहीत."

हे सगळं शुद्ध, स्वच्छ, एकही बंगाली उच्चार न मिसळलेल्या मराठीत. त्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत गार्डन रीचला आले आणि तिथलेच झाले. पाटणकर तिथेच जन्मले, महाराष्ट्रात लग्नामुंजीपुरतेच गेले. पण मराठी त्यांनी इस्त्री करून कपाटात ठेवावी तशी ठेवली होती. ऑफिसातले लोक त्यांना 'पाटनकरदा' म्हणत. तो 'न' त्यांना रोज खुपे, आणि रोज ते तो दुरुस्त करत.

त्यांच्या हातात कायम एक स्टीलची पट्टी असे. कोणीही लिहिलेला कोड ते पडद्यावर तपासत नसत. कागदावर छापून घ्यायचे, ओळीखाली पट्टी धरायचे आणि लाल पेन्सिलीने खुणा करायचे. "पडद्यावर सगळंच खरं वाटतं," म्हणायचे. खाली झालमुडीवाला, म्हणजे तिथला भेळवाला, उभा असे. त्याला ते नारळ घालू नकोस म्हणून बजावत. पुड्यात नारळाची एक कातळी निघाली तरी अख्खा पुडा परत करून, मागे माणसं खोळंबलेली असताना, नवा बनवून घेत. तो बिचारा हात जोडायचा. पाटणकर शांतपणे म्हणायचे, "मी आधी सांगितलं होतं की नाही?"

आधी सांगणं हा त्यांचा धर्म होता. त्या धर्माचं मूळ आमच्या कामातच होतं, म्हणून ते जरा सांगायला हवं.

आमच्या प्रोग्रॅममध्ये रुग्ण, डॉक्टर, परिचारिका, रक्तदाते यांची प्रत्येकाची वेगळी चौकट होती. तिला क्लास म्हणतात. या सगळ्यांना मोबाइलवर निरोप जायचे. निरोप पाठवण्याचं काम प्रत्येक क्लासमध्ये पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा पाटणकरांनी ते एकदाच वेगळं लिहून ठेवलं होतं. ज्या क्लासला हवं असेल त्याने ते आपल्यात ओढून घ्यायचं. अशा कुठेही वापरता येणाऱ्या तुकड्याला ट्रेट म्हणतात. पण निरोप पाठवायचा तर नंबर लागतो, कोणत्या भाषेत पाठवायचा तेही लागतं. या गोष्टी ट्रेटजवळ नसतात, त्या त्या क्लासनेच पुरवायच्या असतात. ज्या छोट्या तुकड्यातून क्लास त्या पुरवतो त्याला मेथड म्हणतात. म्हणून पाटणकर ट्रेटच्या अगदी सुरुवातीला दोन ओळी लिहीत. मला वापरणाऱ्याकडे नंबर सांगणारी मेथड असलीच पाहिजे. मला वापरणाऱ्याकडे भाषा सांगणारी मेथड असलीच पाहिजे. नुसती नावं, आत काम काही नाही. एवढ्या दोन ओळी असल्या की पुरे. एखाद्या क्लासमध्ये ती मेथड नसली तर प्रोग्रॅम तिथेच अडून बसायचा आणि काय नाही ते नावानिशी सांगायचा.

"आणि या ओळी लिहिल्याच नाहीत तर?" मी पहिल्या आठवड्यात त्यांना विचारलं होतं.

"तर काहीच होणार नाही. तेच वाईट." पट्टी त्या ओळींवर ठेवून ते म्हणाले, "आपला जो जुना पायाचा क्लास आहे ना, ज्यावर बाकीचे उभे आहेत, त्याला एक घाणेरडी खोड आहे. त्याच्याकडे नसलेली मेथड कोणी मागितली तर तो ओरडत नाही. गुपचूप रिकामा हात पुढे करतो. मग नंबराच्या जागी काहीच नाही, निरोप कुठेच गेला नाही, आणि पडद्यावर मात्र हिरवी खूण. म्हणून सांगतो, लागतं ते वर लिहा. मनात ठेवू नका. मी मनकवडा नाही, आणि मशीन तर नाहीच नाही."

इतकं स्वच्छ शिकवणारा माणूस मला आधी भेटला नव्हता, नंतरही नाही. शिकवताना ते दुखवत नसत असं मात्र नाही. दुखवल्याशिवाय शिकवलेलं राहत नाही, अशी त्यांची खात्रीच होती.

शुभ्रो दत्त नावाचा एक तरुण आमच्यात होता. हुशार, कामसू, पण बोलताना अडखळायचा. 'प' आणि 'फ' आले की त्याचे ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. 'पाटनकरदा' म्हणता येत नाही म्हणून तो नुसतं 'दादा' म्हणायचा. एका दुपारी त्याने नवा ट्रेट लिहून दिला आणि त्यात वरच्या ओळी लिहायला विसरला. पाटणकरांनी कागद छापला, सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि कागद शुभ्रोच्या हातात दिला.

"वाच," ते बंगालीत म्हणाले. "मोठ्याने. पहिल्या ओळीपासून."

कोडमध्ये पेशंट, फोन आणि पाठवणं यांच्याशिवाय दुसरं काय असणार? शुभ्रो पहिल्याच शब्दाला अडला. त्याची मान ताणली गेली, कपाळावर घाम आला. पाटणकर पट्टीने टेबलावर हलकेच टकटक करत राहिले, लहान मुलाला पाढे म्हणायला लावावं तसं. शेजारची मधुमिता आपल्या नखांकडे बघत होती. मी म्हटलं, "सर, मी वाचते." त्यांनी माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं, "तुमचा नंबर येईल, सोहोनीबाई. घाई नको."

त्याने ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग पाटणकर सगळ्यांकडे वळले. "बघितलंत? काय कमी आहे ते सुरुवातीलाच जाहीर केलं नाही की सगळ्यांचा असा वेळ जातो." आणि शुभ्रोला, अगदी मृदू आवाजात, "मुलाखतीत तोंड उघडलं असतंस तर तुला घेतलंच नसतं."

नंतर त्यांनी लाल पेन्सिलीने, सुंदर अक्षरात, राहिलेल्या ओळी कागदावर लिहून दिल्या. "आता बरोबर आहे. जा."

शुभ्रो तोंड धुऊन आला आणि जागेवर बसला. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत राजीनामा देईल. त्याने उलटंच केलं. पाटणकरांचा सगळा कोड त्याने मुखोद्गत केला. कुठल्या ट्रेटला काय लागतं हे तो पाटणकरांच्या आधी सांगू लागला. पाटणकर त्याच्यावर खूश होते. दुखवून शिकवल्याचा हा पुरावा, असं ते मला म्हणालेही. शुभ्रो त्यांच्याकडे कसा बघतो हे त्यांनी कधी पाहिलं नाही. ते कागदाकडे बघत असत.

घरचे पाटणकर मी एकदाच पाहिले, इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. मुलांचे कार्यक्रम चालले होते. इथेच जन्मलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी स्टेजवर आपल्या घराबद्दल बोलत होती. "माझा आई शाळेत शिकवते," ती म्हणाली. पहिल्या रांगेतून पाटणकरांचा आवाज आला, "माझी." मुलगी गोंधळली. "माझी बाबा..." "माझे." सभागृहात काही लोक हसले. मुलगी पुढचं वाक्य बोलेना. पाटणकर खुर्चीत पुढे सरकून वाट बघत होते, चुकायची. ती रडायला लागली तेव्हा तिच्या आईने तिला उचलून नेलं.

त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. शिउलीदी, बंगाली, गोल चेहऱ्याची, हसरी. मी तिच्याशी मराठीत बोलायला गेले तर ती हिंदीत उत्तर देत राहिली.

"तुम्हाला मराठी येत नाही का?" मी विचारलं.

"लग्नानंतर येत होती," ती म्हणाली. "सासूशी बोलायचे. हे प्रत्येक वाक्य सुधारायचे. मग सासू गेली, मीही सोडून दिली." आणि पदर सारखा करत हसत हसत म्हणाली, "आमच्याकडे मीठ हवं असेल तर जेवायला बसण्याआधी सांगावं लागतं. नंतर मागितलं तर मिळत नाही."

मला वाटलं, गंमत करते आहे. पाटणकरांनी मान हलवून दुजोरा दिला. "बसल्यावर उठायचं कुणी?"

मग ते डायलिसिस केंद्राचं काम आलं. सियालदहच्या बाजूला एक मोठं केंद्र होतं. रुग्णांच्या वेळा ठरवणं, निरोप पाठवणं हे सगळं आमच्या प्रोग्रॅमवर येणार होतं. आमचे मॅनेजर बागची, गोड बोलणारे, कुणालाही 'नाही' न म्हणणारे. केंद्राने ऐन वेळी एक नवी गोष्ट मागितली. दुसऱ्या ठिकाणचे काही रुग्ण थोड्या दिवसांपुरते इथे येतात, त्यांची वेगळी नोंद हवी. तो क्लास शुभ्रोने लिहिला आणि त्यात पाटणकरांचा निरोपाचा ट्रेट ओढून घेतला. पण या तात्पुरत्या रुग्णांचा स्वतःचा नंबर नोंदलेला नसे, तो नातेवाइकांच्या नोंदीत असे, आणि नातेवाईक एकाहून जास्त. नेमका कुणाचा नंबर द्यायचा? ते केंद्राला विचारल्याशिवाय ठरत नव्हतं. त्यामुळे नंबर सांगणारी मेथड शुभ्रोला लिहिता येत नव्हती, आणि ती नाही म्हणून पाटणकरांच्या ओळी प्रोग्रॅम चालू देत नव्हत्या. त्या रुग्णांचं पान उघडलं की सगळं ठप्प.

दुपारी केंद्राचे लोक बघायला येणार होते.

"पाटनकरदा, त्या दोन ओळी तेवढ्या आजच्यापुरत्या काढा," बागची म्हणाले.

"पाटणकर. नाही काढणार. फोन लावा आणि विचारा कुणाचा नंबर घ्यायचा. मशीनसुद्धा विचारतंय. तुम्हालाच लाज वाटते आहे."

"ऐन वेळी असले प्रश्न विचारले तर आपण तयारीत नाही असं दिसतं."

"आपण तयारीत नाहीच. तुम्हाला वाचता येत नाही हा तुमचा दोष नाही, बागचीबाबू. पण ज्यांना येतं त्यांना शिकवू नका."

बागचींचा चेहरा उतरला. ते वळून शुभ्रोच्या टेबलाशी गेले आणि त्याला तेच सांगितलं. शुभ्रोने पाटणकरांकडे एकदा पाहिलं आणि त्या दोन ओळी पुसल्या. पान उघडलं. दुपारी सगळं सुरळीत पार पडलं, केंद्राच्या प्रमुख डॉक्टर सेन यांनी बागचींशी हस्तांदोलन केलं, मिठाई आली.

पाटणकरांनी मिठाई घेतली नाही. शुभ्रोजवळ जाऊन एवढंच म्हणाले, "तुला कळत नसतं तर मी ओरडलो असतो. तुला कळतं."

शुभ्रोने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "हो, दादा," तो म्हणाला. अजिबात न अडखळता.

ओळी पुन्हा घालायच्या राहिल्या त्या राहिल्याच. मी बागचींकडे गेले, ते म्हणाले, "दुर्गापूजेनंतर बघू." मग मी पाटणकरांना म्हटलं, "सर, तुम्ही तरी घाला ना परत. ट्रेट तुमचाच आहे. नाहीतर डॉक्टर सेनना एक फोन करा."

ते झालमुडी खात होते. "मी कशाला? मी सांगितलं होतं."

"पण कुणाचा निरोप चुकला तर?"

"चुकेलच," ते म्हणाले. "त्याशिवाय यांना कळणार कसं?"

त्या दिवसांत ते विलक्षण आनंदात असत. सकाळी वेळेआधी येत. केंद्राचा फोन वाजला की मान वर करत. दुसरंच काही काम निघालं की परत कागदात बघत. ते कशाची वाट बघताहेत हे मला कळत होतं, आणि शुभ्रोलाही. दोघे आपापल्या टेबलावर बसून एकाच गोष्टीची वाट बघत होते. आधी हात पुढे करायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हतं.

पूजा संपली आणि केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं. त्या पाण्याशिवाय डायलिसिस होत नाही. केंद्राने सगळ्या रुग्णांना निरोप पाठवला, उद्या इथे येऊ नका, आमच्या दुसऱ्या केंद्रावर जा, गाडीची सोय आहे. पडद्यावर प्रत्येक नावापुढे हिरवी खूण उमटली. तात्पुरत्या रुग्णांच्या नावापुढेसुद्धा.

त्या रुग्णांमध्ये मंडल म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, दूरच्या कॅनिंग गावाकडचे. ते बायकोला घेऊन सकाळच्या गाडीने सियालदहला उतरले, केंद्रापर्यंत चालत गेले. शटर खाली होतं. पहारेकऱ्याने सांगितलं, आज बंद आहे, उद्या या. उद्या म्हटल्यावर त्यांनी उद्यावर विश्वास ठेवला. दोघं थोडा वेळ पायरीवर बसून परत गाडीला गेली. घरी पोचल्यावर म्हाताऱ्यांच्या छातीत पाणी भरायला लागलं. दुसऱ्या सकाळी सायकलच्या व्हॅनरिक्षातून स्टेशनकडे नेताना वाटेतच ते गेले.

डॉक्टर सेन स्वतः आमच्या ऑफिसात आल्या. बैठकीच्या खोलीत बागची घामाघूम झाले होते. शुभ्रो भिंतीकडे बघत होता. पाटणकर शेवटी आले. कोरा पांढरा शर्ट, हातात छापलेली पानं, एकावर एक नीट लावलेली. बसायच्या आधीच त्यांनी ती डॉक्टरांपुढे ठेवली आणि पट्टीने एक जागा दाखवली.

"इथे दोन ओळी होत्या. या ओळी असत्या तर नंबर दिल्याशिवाय हा भाग चालूच झाला नसता. या ओळी यांनी काढायला लावल्या," पट्टी बागचींकडे वळली, "आणि याने काढल्या." पट्टी शुभ्रोकडे. "कुठल्या दिवशी, किती वाजता, तेही मशीनमध्ये आहे."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी तरी त्यांना इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर सेननी पानं बघितली, लक्षपूर्वक. त्यांना सगळं समजलं असावं. मग त्यांनी विचारलं, "असं होणार हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच दिवशी," पाटणकर अभिमानाने म्हणाले.

"पहिल्या दिवशी."

"त्याच दुपारी. मिठाई आली तेव्हा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग मला का सांगितलं नाही?"

प्रश्न चुकीचा असावा अशा नजरेने पाटणकरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "तुम्ही विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

पुढचं फार लवकर झालं. बागची राहिले, कारण काय होणार हे आपल्याला समजलं नव्हतं असं ते म्हणू शकत होते, आणि ते खरंही होतं. शुभ्रो राहिला, कारण त्याने वरिष्ठांचं ऐकलं होतं. ज्याला सगळं माहीत होतं आणि जो गप्प बसला असा माणूस एकच निघाला, आणि तसं त्याने स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. बागचींनी राजीनामा टाइप करून त्यांच्यापुढे ठेवला. सही करण्याआधी पाटणकरांनी त्यातल्या इंग्रजीच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

निरोप समारंभ झाला नाही. ते पट्टी आणि पेन्सिल शर्टाच्या खिशात घालून निघाले तेव्हा मी आणि मधुमिता उठून उभ्या राहिलो. बाकी कोणी पडद्यावरून मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी शुभ्रोने त्या दोन ओळी ट्रेटमध्ये परत घातल्या. मग त्याने पाटणकरांचे सगळे ट्रेट एकेक करून नव्या जागी हलवले आणि लेखक म्हणून प्रत्येकावर आपलं नाव घातलं. हलवताना एक अक्षरही बदललं नाही. आता आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी 'शुभ्रोदाचा नियम' शिकवतात, लागतं ते वर लिहा. शुभ्रो आमचा प्रमुख झाला आहे. छापलेले कागद टेबलावर ठेवतो, कुणाला वाचायला सांगत नाही. चूक सापडली की त्या माणसाशी दिवसभर एक शब्द बोलत नाही. मुलं म्हणतात, याच्यापेक्षा ओरडलेलं परवडलं.

पाटणकरांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. नवऱ्याची पुन्हा बदली झाली होती. सामान बांधायला गोणपाट आणि सुतळी घ्यायला मी सियालदहच्या घाऊक बाजारात गेले होते. स्टेशनाच्या दक्षिणेकडच्या दारापाशी ते उभे दिसले. शर्ट तसाच पांढरा. खांदे मात्र आत आले होते, आणि गळ्यापाशी दाढी करताना एक पट्टा राहून गेला होता. हातात छापलेल्या कागदांची गुंडाळी.

"सर, इकडे कुठे?"

"कॅनिंग," ते म्हणाले, जणू मी रोज भेटत होते. "ते मंडल होते ना, त्यांच्या बायकोकडे."

"भेटायला?"

"समजावून सांगायला. चूक कुणाची होती हे त्यांना कळायला नको? पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा दिला, बसवून घेतलं. मी क्लास म्हणजे काय, ट्रेट म्हणजे काय, सगळं कागदावर काढून दाखवलं. त्या नीट ऐकून घेतात. आणि शेवटी एकच विचारतात, मग तुम्ही फोन का नाही केलात? मूळ मुद्दाच लक्षात येत नाही. मग परत पहिल्यापासून सांगावं लागतं."

"सर," मी म्हटलं, "जाऊ नका आता."

"गेल्या खेपेला दारच उघडलं नाही." त्यांनी गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. गाडी लागल्याची घोषणा झाली, माणसांचा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी आत घुसला.

"मग परत आलात ना?"

"परत कशाला येऊ? बाहेरूनच सांगितलं सगळं, उंबऱ्याशी उभा राहून." लोकांनी त्यांना पुढे लोटलं. मान मागे वळवून, मला ऐकू जावं म्हणून आवाज चढवून ते म्हणाले, "आत होत्या त्या, सोहोनीबाई. ऐकू येत होतं त्यांना. मी बोलायला लागलो तशी आतली भांडी वाजायची थांबली होती."